वाटा, वाव आणि परवाना : मालवण किनाऱ्यावरील व्यवसायनीती व कायद्याची परिभाषा

कायद्याची मराठी सामान्य माणसाला कळत नाही, ही तक्रार जुनी आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यकारभाराची परिभाषा घडविण्याचे कार्य सुरू झाले आणि ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला, तेव्हा आचार्य अत्रे ह्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची संभावना केली. तेव्हापासून ह्या विषयावरील चर्चा बहुतांशी शब्दांच्या क्लिष्टतेभोवतीच घोटाळत राहिली आहे. वास्तविक क्लिष्टता हा परिभाषेचा सर्वांत किरकोळ दोष होय. शब्द वापरात आला म्हणजे तो अंगवळणी पडतो. मालवणच्या बंदरावर ‘परवाना’, ‘लिलाव’ आणि ‘खलाशी’ हे शब्द कोणाला परके वाटत नाहीत. त्यांतला पहिला फारसीतून आलेला, दुसरा पोर्तुगीजांकडून घेतलेला आणि तिसरा अरबी मुळाचा आहे, हे सांगितल्यावरच ध्यानात येते. ‘प्रतिवेदन’, ‘अभिनिर्णय अधिकारी’ हे शब्ददेखील आता मच्छीमार संघटनांच्या निवेदनांतून विनासायास येऊ लागले आहेत.

परिभाषेचा अधिक गंभीर दोष निराळ्या ठिकाणी असतो. कोणतीही परिभाषा व्यवहारातील काही गोष्टींना नाव देते, त्या मोजते आणि उरलेल्या गोष्टींना नाव न देता सोडून देते. ज्याला नाव नाही त्याच्याविषयी नियम करता येत नाही, आणि ज्याच्याविषयी नियम नाही त्याचे पालन झाले की भंग झाला हे ठरविता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर गेली चार दशके मासेमारीचा जो कायदा लागू आहे, त्याची चिकित्सा ह्या दृष्टीने व्हावयास हवी. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा; सिंधुदुर्ग जिल्हाही रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजीच. हा केवळ योगायोग असला, तरी त्यामुळे जिल्हा आणि कायदा ह्यांचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची सोय झाली आहे.

कायद्याकडे वळण्यापूर्वी ज्या व्यवहारावर तो लागू झाला त्याची भाषा पाहणे अवश्य आहे. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाळूच्या किनाऱ्यांवर गाबीत समाजाची जी जुनी मासेमारी चाले, आणि काही ठिकाणी आजही चालते, ती रापणीची. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढीत आणावयाची, ही तिची पद्धत. ह्या कामाला साठ-सत्तर माणसे सहज लागतात. ‘रापण’ ह्या शब्दाचा अर्थविस्तार अभ्यसनीय आहे. जाळे म्हणजे रापण, जाळे ओढण्याची क्रिया म्हणजे रापण आणि ती ओढणाऱ्या माणसांचा समुदाय म्हणजेही रापणच. साधन, क्रिया आणि कर्ता ह्या तिन्हींना एकच नाम लावणारे शब्द भाषेत नसतात असे नव्हे. परंतु येथे हा प्रकार भाषेच्या आळसातून आलेला नाही. तिघांपैकी एकाला वगळले तर उरलेल्या दोघांना अर्थच राहत नाही, अशी त्या व्यवहाराची स्थिती आहे. गोव्यात हीच पद्धत ‘रांपण’ म्हणून आणि कारवार-उडुपीकडे ‘रांपणी’ म्हणून ओळखली जाते.

रापणीच्या अर्थव्यवस्थेचा मूळ शब्द ‘वाटा’ हा होय. मिळालेल्या मासळीचे वा तिच्या किमतीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. दोरीला हात लावणाऱ्या वृद्धाला किंवा विधवेला काही तरी द्यावयाचे, हाही त्याच व्यवहाराचा भाग. ‘मजुरी’ आणि ‘वाटा’ ह्यांतील भेद येथे सूक्ष्म नाही. मजुरी आधी ठरते व मासळी न मिळाली तरी देणे लागते. वाटा मासळीबरोबर वाढतो आणि तिच्याबरोबरच शून्य होतो. तोट्यात सहभागी असणे ही वाटेकऱ्याची व्याख्या आहे. म्हणूनच एकाच किनाऱ्यावर दोन रापणी असल्या म्हणजे पाळी लावणे, दुसऱ्याच्या सोडलेल्या जाळ्यात आपली होडी न घालणे हे नियम कोणी लिहून ठेवले नसताही पाळले जात. हे नियम ‘पाळले जात’ असे म्हणताना मराठी भाषक ज्या क्रियापदाचा उपयोग करतो, ते शब्द, पथ्य, व्रत आणि सुतक ह्यांनाही लागते. जे आपण स्वतःवर लावून घेतो, ते आपण पाळतो. (‘पाळी’ आणि ‘पाळणे’ ह्यांचे ध्वनिसाम्य मात्र फसवे आहे. पहिल्याच्या मुळाशी रांग ह्या अर्थाचा ‘पालि’ शब्द आहे, दुसऱ्याच्या मुळाशी रक्षणार्थक धातू.) आजच्या कार्यालयीन मराठीत ‘अनुपालन’ हा शब्द आला आहे, आणि त्याच्याबरोबर येणारे क्रियापद बहुधा ‘सादर करणे’ हे असते. अनुपालनाचा अहवाल सादर होतो. नियम पाळणारा आणि नियम पाळल्याचे दाखविणारा ह्यांत जे अंतर आहे ते ह्या दोन क्रियापदांत पूर्णपणे उतरले आहे.

रापणीचे हे वर्णन ऐकून तिला आदर्श लोकशाही समजण्याचा मोह अनेक अभ्यासकांना होतो. तो आवरला पाहिजे. वाटे समान नव्हते. जाळ्याचा मालक आणि दोरी ओढणारा ह्यांच्या वाट्यांत फरक होता. मासळी विकणारी स्त्री व्यवहाराच्या शेवटी येई, आणि नियम ठरविणाऱ्यांच्या बैठकीत तिला स्थान नसे. जातीबाहेरच्या माणसाला किनारा मोकळा नव्हता. ह्या पद्धतीत न्याय होता असे म्हणण्यापेक्षा दायित्व कोणाचे हे स्पष्ट होते असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. चूक कोणी केली हे सर्वांना दिसे, कारण सर्वजण एकाच वाळूवर उभे असत.

हे चित्र यांत्रिक नौकांनी पालटले, आणि त्या नौका आणणारे सर्वजण परके नव्हते. शासनाने कर्जे आणि अनुदाने देऊन यांत्रिकीकरणाला उत्तेजन दिले. त्याचा लाभ किनाऱ्यावरील गावांतल्याच काही कुटुंबांनी घेतला. पुढे ट्रॉलर, मागाहून पर्ससीनची जाळी, आणि त्यानंतर प्रकाशझोतात मासे गोळा करून पकडण्याची पद्धत असा तो क्रम आहे. १९७० नंतरच्या दशकात गोव्यात माथानी साल्ढाणा ह्यांच्या नेतृत्वाखाली रांपणकारांचे आंदोलन झाले. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन आल्यावर रांपणी काही वर्षांतच मोडीत निघाली. ह्या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने राज्यांकडे आदर्श विधेयकाचा मसुदा पाठविला, आणि त्या साच्यातून गोवा व केरळ ह्यांचे कायदे १९८० साली, तर महाराष्ट्राचा १९८१ साली तयार झाला.

साच्यातून घडल्याच्या खुणा ह्या कायद्यांवर स्पष्ट आहेत. केरळच्या कायद्यात पारंपरिक नौकांची उदाहरणे देताना ‘कॅटॅमरान’ ह्या शब्दाला पहिले स्थान आहे. हा तमिळ ‘कट्टुमरम्’ शब्दाचा इंग्रजी अवतार असून लाकडे बांधून केलेल्या त्या तराफ्याचा मालवणच्या होडीशी काहीही संबंध नाही. तरीही ह्या साच्यात एक गोष्ट प्रशंसनीय होती. मासेमारीवर निर्बंध घालताना शासनाने ज्या बाबी विचारात घ्यावयाच्या, त्यांत पारंपरिक साधनांनी मासेमारी करणाऱ्यांच्या हितरक्षणाला प्रथम स्थान दिले होते. मत्स्यसंवर्धन त्यानंतर आणि समुद्रातील सुव्यवस्था त्याच्याही नंतर. म्हणजे कायद्याच्या जन्माच्या वेळी त्याचे प्रयोजन नैतिक होते आणि ते त्याने शब्दांत मान्य केले होते.

अडचण ‘पारंपरिक’ ह्या विशेषणापाशी सुरू होते. हे विशेषण मासेमारीला चिकटले ते प्रतिपक्ष उभा राहिल्यावर. त्यापूर्वी मच्छीमार हा नुसता मच्छीमारच होता. विजेचे दिवे आल्यावर जुन्या दिव्याला ‘रॉकेलचा दिवा’ म्हणण्याची गरज पडते, तसाच हा प्रकार. अशी मागाहून लागलेली विशेषणे वस्तूचा गुण सांगत नाहीत, केवळ ती कशाहून वेगळी आहे एवढेच सांगतात. आणि तो प्रतिपक्ष बदलला की त्यांचा अर्थही सरकतो. फायबरच्या होडीला बाहेरून लावण्याचे यंत्र बसवून आणि मासे शोधणारे उपकरण घेऊन गिलनेट टाकणारा मच्छीमार ट्रॉलरपुढे पारंपरिक ठरतो, पण रापणीपुढे तो तसा ठरत नाही. मालवणातील संघर्षांत ‘पारंपरिक मच्छीमार’ हे नाव ज्या समूहाला लावले जाते, त्याच्या पोटात निदान दोन-तीन निरनिराळे हितसंबंध नांदत आहेत. कायद्याने नौका, तिचे यंत्र आणि जाळे ह्यांची नोंद घेतली. मासळी मिळाल्यावर तिचे वाटे कसे पडतात, हे त्याने पाहिलेच नाही. वस्तुतः परंपरेचे व्यवच्छेदक लक्षण शोधावयाचे तर ते तेथेच सापडले असते. जो तांडेल आपल्या माणसांना वाटा देतो आणि जो मालक परप्रांतीय खलाशांना महिन्याचा पगार देतो, ह्यांच्या व्यवसायनीतीत जो फरक आहे तो नौकेच्या लांबीने मोजता येणार नाही.

महाराष्ट्राच्या नियमनातील एक शब्द मात्र किनाऱ्याच्या भाषेतून आला होता, आणि तो म्हणजे ‘वाव’. गोव्याने राखीव पट्टा प्रामुख्याने किनाऱ्यापासूनच्या अंतरावर ठरविला, तर महाराष्ट्राने तो पाण्याच्या खोलीवर ठरविला. ठिकाणपरत्वे पाच ते दहा वाव खोलीपर्यंतचे पाणी यांत्रिक ट्रॉलरना निषिद्ध झाले. वाव म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांच्या टोकांमधले अंतर. बुडीद लावलेली दोरी पाण्यात सोडून ती वर घेताना हातांनी मोजावयाची, आणि मोजणाराच्या देहावर माप ठरावयाचे, अशी ही पद्धत. ह्या मापाचा फायदा असा की होडीतल्या माणसाला कोणाच्याही साहाय्यावाचून आपण मर्यादेच्या आत आहो की बाहेर हे कळते. तोटा असा की ते दुसऱ्याला दुरून कळत नाही. नियम ज्याने पाळावयाचा त्याच्या हाती माप होते. ज्याने तो भंगला हे सिद्ध करावयाचे त्याच्या हाती ते नव्हते. पुढील सर्व इतिहास हे माप एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाण्याचा आहे.

पावसाळी बंदीच्या शब्दयोजनेतही हेच स्थित्यंतर दिसते. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा ह्यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत असे. शासकीय आदेशाने चांद्र तिथीला तारखेच्या बरोबरीने स्थान द्यावे, ही गोष्ट दुर्मीळ म्हटली पाहिजे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणे हे पथ्य होते, आणि कायद्याने त्या पथ्याला आपल्या वाक्यात सामावून घेतले होते. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांसाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा एकसारखा काळ ठरला. एकसारखेपणाची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही; गोव्याची बंदी उठली आणि सिंधुदुर्गाची उठली नाही, तर सीमेवर काय होते हे मालवणकरांइतके कोणाला ठाऊक नसेल. पण ह्या दुरुस्तीने वाक्यातील नारळी पौर्णिमा गेली आणि तिच्याबरोबर ‘पाळणे’ ह्या क्रियापदाचा आधारही सैल झाला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला समुद्र खवळलेला असला तरी कायदा आता होडीला थांबवीत नाही. ज्याचे यंत्र मोठे तो जातो.

पर्ससीनविषयीचा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश हा ह्या कायद्याखाली निघालेला बहुधा सर्वांत महत्त्वाचा लेख. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक व्ही. एस. सोमवंशी ह्यांच्या समितीच्या शिफारशींवर तो आधारलेला होता. नवीन परवाने बंद, असलेल्यांची संख्या उतरत्या क्रमाने अखेर १८२ वर आणावयाची, आणि मासेमारीचा काळ १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच, हे त्याचे सार. पाठोपाठ १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने प्रकाशझोतातील मासेमारीला देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी केली. ह्या लेखांची मराठी निर्दोष नसली तरी पुरेशी स्पष्ट आहे. ते कोणाला समजले नाहीत म्हणून त्यांचा भंग झाला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

भंग का झाला, ह्याचे एक उत्तर ‘शास्ती’ ह्या शब्दात आहे. मूळ कायद्यात शास्तीची रक्कम नौकेवर सापडलेल्या मासळीच्या किमतीच्या पटीत मोजावयाची असे. वरवर पाहता ही योजना न्याय्य वाटते. पण मासळी समुद्रातच दुसऱ्या नौकेवर चढविली किंवा तिची किंमत कमी लिहिली गेली की शास्तीही त्या मानाने आकसते. त्यातही निर्णय द्यावयाचा तहसीलदारांनी, ज्यांच्यामागे महसुलाचा सारा पसारा. प्रतिवेदने साचत गेली. २०२१ च्या दुरुस्तीने अभिनिर्णयाचे काम मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे दिले आणि शास्तीच्या ठोक रकमा ठरविल्या. पर्ससीनच्या विनापरवाना वापराला पहिल्या वेळी १ लाख, दुसऱ्या वेळी ३ लाख, तिसऱ्या वेळी ६ लाख रुपये. प्रकाशझोताला ५ लाखांपासून पुढे २० लाखांपर्यंत. पुनरावृत्तीबरोबर शिक्षा वाढविणे हे तत्त्व नवे नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात सामायिक साधनांची दीर्घकाळ जपणूक करणाऱ्या समुदायांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत चढत्या शिक्षांचा समावेश आहे. पण त्याच लक्षणांत आणखी एक आहे, ते म्हणजे देखरेख करणारा हा वापरणाऱ्यांपैकीच असावा किंवा त्यांना उत्तरदायी असावा. दुरुस्तीने पहिले लक्षण घेतले आणि दुसरे सोडले. इतकेच नव्हे, तर मालवणच्या मच्छीमारांनी स्वतः समुद्रात जाऊन बेकायदेशीर नौका पकडून आणल्या, तेव्हा पकडणाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाल्याचे प्रसंग घडले. कायदा हाती घेणे अयोग्यच. परंतु तो सोडावयाचा कोणाच्या हाती, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना वर्षानुवर्षे मिळाले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

ठोक शास्तीत आणखी एक धोका आहे. उरी ग्नीझी व आल्दो रुस्तिचिनी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील पाळणाघरांविषयी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आता सुपरिचित आहे. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो कमी झाला नाही. संकोचाने जे टळत होते ते पैसे भरून करता येऊ लागले. दंड अपराधाची निंदा करण्याऐवजी त्याची किंमत सांगू लागला, की धनिकाला तो खर्चाच्या वहीत मांडता येतो. पाच लाख ही रक्कम लहान होडीच्या मालकाला उद्ध्वस्त करणारी आहे. मोठ्या गुंतवणुकीच्या नौकेला ती तशी असेलच असे नाही. मासळीच्या किमतीशी शास्तीचे जे नाते पूर्वी होते, ते सदोष असले तरी त्यात अपराधाचा लाभ व शिक्षा ह्यांची सांगड घालण्याचा प्रयत्न तरी होता.

व्यवसायाची खरी परीक्षा संकटात होते असे म्हणण्याची रीत आहे. येथे परीक्षा कायद्याच्या परिभाषेचीही झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, २०१९ च्या हंगामात पाठोपाठ क्यार आणि महा, मे २०२१ मध्ये तौक्ते अशी वादळे ह्या किनाऱ्याने सोसली. आपत्ती साहाय्याचे २०१५ चे केंद्रीय निकष पाहावेत. पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये, पूर्ण नष्ट झालेल्या जाळ्याला २,६०० रुपये, आणि अंशतः नुकसानीला त्याहून कमी. रकमांच्या अपुरेपणाविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. जिज्ञासूने रापणीचे जाळे एकदा वाळूवर पसरलेले पाहावे म्हणजे झाले. लक्ष द्यावयाचे ते एककाकडे. नुकसान होते ते होडीचे आणि जाळ्याचे. दोरी ओढणाऱ्या माणसाजवळ ह्यांपैकी काहीच नसल्याने व्याकरणाच्या दृष्टीनेच त्याचे नुकसान होऊ शकत नाही.

आणि तरीही, हे व्याकरण बदलता येते ह्याचा पुरावा त्याच काळातील एका शासकीय निर्णयाने दिला. क्यार व महा वादळांच्या संदर्भात राज्य शासनाने २०२० मध्ये जे विशेष साहाय्य जाहीर केले, त्यात नौकाधारकांबरोबर रापणकार संघांच्या सभासदांना प्रत्येकी रक्कम आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना शीतपेट्या देण्याची तरतूद होती. रापण ओढणारा आणि मासळी विकणारी ह्या दोघांनाही शासनाच्या भाषेत स्वतंत्र नाव मिळाले ते येथे. त्याच वर्षी टाळेबंदीत दुसरा असाच प्रकार घडला. १० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सागरी मासेमारीला सूट देताना जी यादी केली, तीत मासे पकडणे, प्रक्रिया, वेष्टन, शीतसाखळी, विक्री आणि ह्या सर्वांतील कामगारांची ये-जा ही सारी एकत्र गोवली होती. नियमनाचा कायदा ज्या व्यवहारात नौकेपलीकडे क्वचितच पाहतो, त्याची समग्र साखळी आणीबाणीच्या एका आदेशाला दिसली. संकट ओसरले आणि ही दोन्ही वाक्ये जुन्या कागदांत जमा झाली. २०२१ ची दुरुस्ती ह्यांच्यानंतर झाली. तिने मात्र शब्द घेतले ते नौका, जाळे, मालक हेच.

त्यानंतरच्या परिवर्तनाला ‘डिजिटल’ म्हणतात. नौकांची नोंदणी व परवाने ह्यांसाठी ‘रिअलक्राफ्ट’ ही देशव्यापी संगणकीय प्रणाली आली. नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसविण्याची योजना आली. ९ जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ड्रोनद्वारे देखरेख सुरू झाली. सिंधुदुर्गासाठी त्याचे केंद्र देवगड हे आहे. ह्या साधनांचे स्वागत करण्यास भरपूर कारण आहे. प्रकाशझोताची नौका रात्री क्षितिजावर उजेडाच्या पट्ट्याच्या रूपाने सर्वांना दिसते, परंतु दिसणे आणि सिद्ध होणे ह्यांत अंतर असते. ते अंतर ड्रोनचे चित्रण कमी करू शकेल. साक्षीदाराला धमकावता येते, चित्राला येत नाही. गस्ती नौका निघाल्याची वार्ता बंदरातून आधीच पोचते, हा जुना अनुभवही ड्रोनच्या बाबतीत काही अंशी टळेल.

परंतु यंत्राला स्वतःची परिभाषा असते. त्याला कळतात ते अक्षांश-रेखांश, म्हणजे पृष्ठभागावरील एक बिंदू. वाव हे माप खालच्या दिशेचे. ते वरून दिसत नाही. खोलीची रेषा आधीच नकाशावर आखून यंत्राला दिली तरच त्या बिंदूला कायदेशीर अर्थ येतो, आणि ती रेषा आखण्याचे काम आता होडीतल्या माणसाचे राहिलेले नाही. वाळू सरकते, खाडीच्या मुखाशी पाणी उथळ होते, देवबागच्या संगमाचा भूगोल पावसाळ्यागणिक बदलतो. दोरी सोडून पाहणाऱ्याला हे त्या दिवशी कळे. नोंदणीच्या प्रणालीत तर नावापासूनच नौका हे एकक गृहीत धरलेले आहे. व्यक्तीचीही नोंद झालेली आहे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांना जैवमितीय ओळखपत्रे देण्यात आली. मात्र ती नोंद सुरक्षेसाठी होती. म्हणजे नौका व्यवसायासाठी नोंदली, माणूस संशयासाठी नोंदला, आणि त्या दोघांना जोडणारा वाटा कोणत्याही रकान्यात आला नाही. हे तंत्राचे अपरिहार्य फळ नव्हे. जी प्रणाली अश्वशक्ती विचारते, ती वाटेकऱ्यांची संख्याही विचारू शकते; फक्त तो प्रश्न परिभाषेत अगोदर असावा लागतो.

परिभाषेतील सर्वांत मोठी रिक्तता मात्र किनाऱ्यावर आहे. कायद्याचा अपराधी हा प्रामुख्याने नौकेचा मालक किंवा ती चालविणारा. मासळी विकत घेणारा व्यापारी, बर्फ पुरविणारा, आगाऊ रक्कम देऊन मालकाला आपल्याशी बांधून घेणारा, लहान तारली घाऊक भावाने मत्स्यचूर्णाच्या कारखान्याकडे पाठविणारा, ह्यांच्या व्यवसायनीतीविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. परदेशांनी हे मौन वेगळ्या मार्गाने फोडले आहे. युरोपीय समुदायाचा २००८ चा नियम १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, आणि निर्यातीच्या मासळीबरोबर ती कायदेशीर रीतीने पकडल्याचा दाखला मागितला जाऊ लागला. अमेरिकेने कासवांच्या रक्षणाचे कारण सांगून भारताच्या समुद्रातील कोळंबीला गेल्या दशकाच्या अखेरीस दार बंद केले, तेव्हा जाळ्यात कासवाला निसटण्याची वाट ठेवण्याची सक्ती आणि तिच्या भंगाची शास्ती २०२१ च्या दुरुस्तीत आली. म्हणजे खरेदीदाराने विचारल्यावर नियम हलतो, हे सिद्ध आहे. मात्र न्यूयॉर्कचा खरेदीदार जे विचारतो ते मालवणच्या लिलावात कोणी विचारीत नाही. परदेशी जाणाऱ्या कोळंबीला कुळाचा दाखला लागतो, पण सायंकाळी दांडीच्या किनाऱ्यावर पडणाऱ्या बांगड्याच्या राशीला तो लागत नाही.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरविली. ह्या नियमाचे माप प्रथमच असे आहे की ते समुद्रात जाण्यावाचून, यंत्रावाचून, टोपलीपाशी बसलेल्या बाईलाही लावता येते. मासा पट्टीवर ठेवला की पुरे. वावेनंतर इतके सर्वांच्या हातचे माप ह्या कायद्यात आलेले नव्हते. ते लिलावाच्या जागी लावावयाचे ठरले, तर प्रश्न मालकाइतकाच बोली बोलणाऱ्याला विचारला जाईल, आणि विचारणारे केवळ अधिकारी असणार नाहीत. परंतु तूर्त ती पट्टी कार्यालयाच्या परिपत्रकात आहे, आणि लिलाव पुकारणारा जातीचे नाव, अदमासाचे वजन आणि भाव एवढेच पुकारतो. बोली संपते, टोपल्या उचलल्या जातात, आणि बर्फाची गाडी महामार्गाच्या दिशेने निघते.